डावा कान आणि ४५ अंश

मे महिन्यातल्या नागपुरात माणसे भर दुपारी लग्नाला जातात, मांडवात बसून वरण-भातावर तूप वाढून घेतात आणि टपरीवर उभे राहून तर्री-पोहे खातात. माझ्या मोबाइलने मात्र बारा वाजताच 'तापमान जास्त असल्यामुळे चार्जिंग थांबवले आहे' अशी सूचना झळकवून अंग टाकले. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या साधारण ० ते ४५ अंशांच्या दरम्यानच चार्ज कराव्यात, असे सांगतात. याचा अर्थ, जिथे बॅटरीची सहनशक्ती संपते तिथे आमचा उन्हाळा सुरू होतो. २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सोसलेल्या शहरात हा नाजूक प्राणी आणलाच कशाला, असा प्रश्न आत्याने विचारला. आत्या उन्हाळ्यापुरती मुक्कामाला आली होती आणि कूलरसमोरची जागा तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली होती.

शेजाऱ्यांनी मोबाइल फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला दिला. थंड फोन बाहेरच्या हवेत आणला की आतल्या आत दव धरते, एवढे मला ठाऊक असल्यामुळे मी फ्रिजचा मार्ग टाळला आणि स्वतःच्या शहाणपणावर खूश होऊन फोन कूलरसमोर ठेवला. फोन खरोखरच थंड झाला. मग मी चार्जर जोडला, तर 'पोर्टमध्ये ओलावा आढळला आहे, चार्जर काढा' अशी दुसरी सूचना आली. वाळ्याच्या ताटीतून भिजून येणारा वारा आत्याला मानवतो, चार्जिंगच्या छिद्राला मानवत नाही. म्हणजे कूलरपासून दूर ठेवला तर तापतो आणि जवळ ठेवला तर भिजतो; सासर-माहेर दोन्हीकडे न रमणाऱ्या अशा पाहुण्याचे करायचे काय?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर बर्डीवरच्या एका लहानशा दुकानात गेलो. तिथल्या मुलाने फोन दिव्याखाली धरला, लाकडी काडीने हळूच कोरले आणि मुगाच्या दाण्याएवढा पांढरा गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. तो माझ्या दुपट्ट्याचा कापूस होता. उन्हात डोके-कान गुंडाळायचे आणि घरी आल्यावर तोच दुपट्टा घडी करून फोनसकट पिशवीत कोंबायचा, या माझ्या सवयीने केबलची पिन इतके दिवस पूर्ण आत जाऊच दिली नव्हती.

"काका, ऊन नाही, तुमचा दुपट्टा नडला," तो म्हणाला. पैसे घेतले नाहीत, हे मला जास्त लागले.

इअरबड्सचे दुखणेही त्याच दुपट्ट्याखालचे निघाले. डावा बड आठवडाभर मुका होता. मी दोन्ही बड डबीत घालून बटण दाबून धरले, जोडणी विसरायला लावली, पुन्हा जोडली, डावा ढिम्म. अखेर दिसले की त्याच्या दोन चिमुकल्या धातूच्या टिकल्यांवर घामाचा थर बसून हिरवट काळे पडले होते, त्यामुळे तो रात्रभर डबीत झोपायचा आणि उपाशीच उठायचा. कोरड्या कापसाने पुसल्यावर डबीवरचा दिवा लागला. ज्या राजाच्या नावावरून ब्लूटूथ हे नाव आले, त्या दहाव्या शतकातल्या हॅराल्डने डेन्मार्कमधल्या टोळ्या एकत्र आणल्या म्हणतात. मला दोन कान एकत्र आणायला आठ दिवस लागले.

विजय साजरा करण्यासाठी मी दोन्ही कानांत बड घालून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो, तेवढ्यात बैठकीत माझ्या मुलाने ब्लूटूथ स्पीकर सुरू केला. माझ्या फोनची त्याच्याशी जुनी ओळख होती. त्याच क्षणी मित्राचा फोन आला, मी तो घेतला, दोन्ही कान शांत राहिले, आणि बैठकीतून खणखणीत आवाज आला, "काय रे, गेली का तुझी आत्या? मिळाली का कूलरची जागा परत?"

स्पीकरलाही माइक असतो, हे मला तेव्हा कळले.

"नाही रे बाबू," आत्या स्पीकरकडे वळून शांतपणे म्हणाली, "मृग लागल्याशिवाय मी हलत नाही. तू ये ना रविवारी जेवायला."

मित्राने पुढची पाच मिनिटे तिच्या गुडघ्यांची चौकशी केली. मी चकचकीत पुसलेले दोन्ही बड तळहातावर घेऊन दारात उभा होतो. चार्जिंग १०० टक्के होते.