मळणीच्या बैलाला मुसकं

आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर वाद चाललाय. संडे स्कूल घेणाऱ्या ताईंना आणि शुक्रवारचा शास्त्राभ्यास घेणाऱ्या काकांना महिन्याचा प्रवासखर्च द्यावा, वर्षातून एकदा प्रशिक्षणाला पाठवावं, एवढीच सूचना होती. कमिटीतल्या एका ज्येष्ठांनी लिहिलं, ‘सर्वांना सलाम. देवाच्या कामाचे पैसे कसले मागता?’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली.

मी राहते इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला. इथल्या पार्कात रॉबर्ट रेक्स यांचा पुतळा आहे. टाचण्यांच्या कारखान्यात राबणारी पोरं रविवारी रस्त्यावर मोकाट असायची. त्यांच्यासाठी १७८० साली रेक्स आणि धर्मगुरू थॉमस स्टॉक यांनी या गावात संडे स्कूल सुरू केलं. आधीपासून घरी वाचायला शिकवणाऱ्या चार बाया रेक्स यांनी गाठल्या आणि प्रत्येकीला दिवसाचा एक शिलिंग ठरवला. तेही देवाचंच काम होतं. आपल्याकडेसुद्धा मिशनच्या काळात गावोगाव फिरणाऱ्या बायबलबायांना पगार मिळायचा. मग फुकट शिकवण्याची ही परंपरा आपण कुठून आणली?

बायबलमध्ये पौलाने तीमथ्याला लिहिलंय की वचन आणि शिक्षण यांत श्रम घेणारे वडील, म्हणजे मंडळीचे वडीलधारे, दुप्पट सन्मानाला योग्य आहेत. आमची माणसं ‘सन्माना’वर थांबतात, शाल-नारळ देतात. पुढच्याच वचनात मळणीच्या बैलाला मुसकं घालू नका, असं आहे, आणि मजुराची मजुरीही आहे. ज्वारीची खळी पाहत वाढलेल्या नगरकरांना हे मी समजावून सांगायचं?

आणि प्रश्न नुसत्या पैशांचा नाही. आमच्या इथे डीबीएसचं, म्हणजे मुलांना शिकवणाऱ्यांच्या पोलीस-नोंदी तपासण्याचं, पीसीसी ही चर्चची कमिटी बघते, रोटावर, म्हणजे पाळ्यांच्या यादीत, नेहमी दोघी असतात, हाफ टर्मला, शाळेच्या सत्राच्या मध्यावर, सुट्टी मिळते. सप्टेंबरात शिकवणाऱ्यांना उपासनेत पुढे बोलावून त्यांच्यासाठी प्रार्थना होते. इथे मुलं अकरा आणि तिथे साठ, हे मला ठाऊक आहे. साठ आहेत म्हणूनच बोलते. तिथली ताई एकटी असते. पाळकांकडे, म्हणजे पास्टरांकडे, तीन गावं, त्यामुळे एखाद्या वचनाचा अर्थ अडला तर विचारायचं कुणाला? पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यात घालवली, ती साध्या बायकांना कळावं म्हणून. ते उघडून शिकवणारीच्या हातात आपण एक भाष्यग्रंथही देत नाही.

ग्रुपवर मी लिहिलं, वर्षभराचा प्रवासखर्च मी देते. उत्तर आलं, ‘तिकडे बसून बोलणं सोपं असतं.’

ते लागलं. दोन वर्षांपूर्वी साउंड सिस्टिमसाठी वर्गणी मागितली तेव्हा मी लगेच पैसे पाठवले होते. उपासनेत माझं नाव वाचलं गेलं आणि मला बरं वाटलं. शिकवणाऱ्यांचं काय, हे तेव्हा मी विचारलं नाही. नगरच्या माझ्या संडे स्कूलच्या बाई प्राथमिक शाळेच्या पगारातून आमची बक्षिसं आणायच्या. देवळामागच्या लिंबाखाली त्यांनी पाठ करून घेतलेलं ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही’ हे तेविसावं स्तोत्र मला परक्या देशात पहिल्या हिवाळ्यात पुरलं. त्यांना मी एकदाही तसं सांगितलेलं नाही.

इथल्या रोटासाठी मला या वर्षी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा नाही म्हणाले, कामाचं कारण दिलं. खरं कारण वेगळं आहे. कॉट्सवोल्डच्या कुरणांत मेंढ्या कुंपणात एकट्याच चरतात, जवळ माणूस दिसत नाही. माझा मेंढपाळ खांद्यावर घोंगडी टाकून कळपाबरोबर चालणारा धनगर आहे. त्याला इंग्रजीत कसं आणायचं ते मला येत नाही, आणि मुलांसमोर ते उघडं पडेल अशी भीती वाटते.

बाई आता थकल्यात, पण वर्ग अजून घेतात. काल बहिणीकडून त्यांचा नंबर घेतला. तेविसावं स्तोत्र त्या लहान मुलांना कुठून शिकवायला घेतात, ते विचारायचंय.