हिंटरकाइफेकच्या सहलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

म्युनिकहून निघणाऱ्या आमच्या हिंटरकाइफेकच्या (१९२२ साली जेथे सहा जणांचे खून झाले आणि ज्यांचा उलगडा कधीच झाला नाही, त्या जर्मनीतील एकाकी शेतवस्तीच्या) सहलीला आपण सहकुटुंब आलात आणि परतल्यावर वेळ काढून सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपण आम्हाला एकच तारा दिला आहे आणि त्याची कारणेही स्पष्ट सांगितली आहेत. सत्तर किलोमीटर जाऊन शेवटी एक मोकळे शेतच पाहायला मिळाले. आमच्या मार्गदर्शकांनी खुनांपेक्षा गोठा, कोठार आणि चारा यांवरच अधिक वेळ घालवला. खुनी कोण, हे वारंवार विचारूनही त्यांनी नाव घेतले नाही आणि घरातली ‘खरी भानगड’ दोन वाक्यांत उरकली. शिवाय आपल्याला शेतात उतरू दिले नाही आणि ड्रोनही उडवू दिला नाही, असे आपले म्हणणे आहे. ही सहल आखणारा मी स्वतः असल्यामुळे, आणि यापुढे येणारे मराठी पर्यटकही हा अभिप्राय वाचणार असल्यामुळे, उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

तेथे घर उभे नाही, हे खरे आहे आणि आमच्या नोंदणीच्या पानावर ते पहिल्याच ओळीत लिहिलेले आहे. साधारण १८६३ च्या सुमारास बांधलेली ती वस्ती १९२३ साली, म्हणजे खुनांनंतर वर्षभरातच, पाडण्यात आली. आज तेथे नांगरलेली जमीन, जवळच जंगलाची कड आणि मृतांच्या स्मरणार्थ उभारलेला एक छोटा स्मृतिस्तंभ एवढेच आहे. परंतु या प्रकरणात घर पाडले जाणे ही तपासाच्या कथेबाहेरची गोष्ट नाही. ज्या कुदळीने सहा माणसे मारली गेली, ती पोलिसांना त्या वेळी सापडलीच नव्हती. घर पाडताना ती माळ्यावर दडवलेली मिळाली. म्हणजे हत्यार वर्षभर त्याच छपराखाली होते. आपण ज्या मोकळ्या जागेवर नाराज झालात, ती मोकळी झाली म्हणूनच हा पुरावा हाती लागला, आणि हे आमचे मार्गदर्शक त्याच ठिकाणी उभे राहून सांगतात.

आता गोठा आणि कोठार यांविषयी, कारण आपली मुख्य तक्रार तीच आहे आणि माझे सर्वांत ठाम मतही त्याच बाबतीत आहे. हिंटरकाइफेकचे गूढ त्या शेताच्या घडणीपासून वेगळे काढताच येत नाही. ही वस्ती ग्रोबर्न या लहानशा खेड्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर, झाडीच्या आडोशाला होती. राहते घर, त्याला लागून गोठा आणि गोठ्याला लागून कोठार अशी एकमेकांना जोडलेली बांधणी असल्यामुळे स्वयंपाकघरातून निघालेला माणूस अंगणात पाऊलही न टाकता थेट कोठारापर्यंत जाऊ शकत होता. कोकणातल्या जुन्या घरांत माजघरातून गोठ्यात जाण्याची वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच उमजेल. ३१ मार्च १९२२ च्या रात्री ६३ वर्षांचे आंद्रेआस ग्रुबर, त्यांच्या ७२ वर्षांच्या पत्नी चेत्सिलिया, ३५ वर्षांची विधवा मुलगी व्हिक्टोरिया गाब्रिएल आणि व्हिक्टोरियाची ७ वर्षांची मुलगी, तीही चेत्सिलियाच, हे चौघे त्या कोठारात मारले गेले. ते एकामागोमाग एक तेथे गेले असावेत, असा तर्क तपासात केला गेला आणि तो घराचा नकाशा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. त्यानंतर मारेकरी त्याच वाटेने राहत्या घरात आला आणि त्याने व्हिक्टोरियाच्या पाळण्यातल्या २ वर्षांच्या मुलाला, योझेफला, व मोलकरीण मारिया बाउमगार्टनर यांना ठार केले. मारिया त्याच दिवशी कामावर रुजू झाल्या होत्या. बहीण त्यांना सोडायला आली होती आणि दिवस मावळण्याआधी परत गेली. आधीची मोलकरीण काही महिन्यांपूर्वी, घरात काहीतरी वावरते असे सांगत, काम सोडून गेली होती.

त्या आधीच्या दिवसांत आंद्रेआस यांनी शेजाऱ्यांना सांगितलेली एक गोष्ट पुष्कळांना ऐकून माहीत असते. जंगलाकडून घराकडे येणारी पावले त्यांना बर्फात दिसली होती, परत जाणारी मात्र एकही नव्हती. घरात कुणी न मागवलेले वर्तमानपत्र सापडले होते आणि घराची एक किल्ली नाहीशी झाली होती. तरीही ते पोलिसांकडे गेले नाहीत. आपल्यासोबतच्या गटातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी यावर ‘शेतकरी माणूस आपल्या वस्तीचे राखण स्वतःच करतो’ असे म्हटल्याचे मार्गदर्शकांनी मला कळवले, आणि मला ते पटते.

चाऱ्याकडे येतो. खून शुक्रवारी रात्री झाले आणि प्रेते ४ एप्रिलला, मंगळवारी, सापडली. या मधल्या दिवसांत कॉफी विकणारे दारावर येऊन परत गेले, धाकटी चेत्सिलिया शाळेत आली नाही, टपाल तसेच पडून राहिले. तरीही कुणाला फार शंका आली नाही, कारण धुराड्यातून धूर निघताना लोकांनी पाहिला होता आणि गोठ्यातली जनावरे उपाशी नव्हती. ज्याने जनावरे पाळली आहेत त्याला ठाऊक आहे, की दोन दिवस वैरण-पाणी मिळाले नाही तर गोठा सगळ्या शिवाराला ऐकू जाईल इतका हंबरतो. म्हणजे कुणीतरी त्या घरात राहिले, चूल पेटवली, जेवले आणि गुरांना वैरण घातली. असे करणाऱ्याला शेतीचे काम अंगवळणी पडलेले असावे, असे मी मानतो. हे माझे अनुमान आहे आणि सहलीत ते अनुमान म्हणूनच सांगितले जाते. मंगळवारी सकाळी आल्बर्ट होफनर हा कारागीर कडबाकुट्टीच्या यंत्राचे इंजिन दुरुस्त करायला आला. हाका मारून कुणी आले नाही, तेव्हा त्याने काही वेळ वाट पाहिली, मग स्वतःच काम सुरू केले, चारेक तास खपून इंजिन चालू केले आणि निघून गेला. त्या सगळ्या वेळात काही पावलांवरच्या कोठारात चौघांची प्रेते गवताखाली झाकलेली होती. आपल्याला ‘यंत्राची कंटाळवाणी माहिती’ वाटलेला भाग तो हाच. हे वगळून सहल घ्यायची झाली, तर मग आम्ही नेमके काय सांगायचे?

तेथे वेळ देण्यामागे आणखी एक कारण आहे. घरात सोन्याची नाणी तशीच सापडली, त्यामुळे निव्वळ दरोड्याची शक्यता लवकरच मागे पडली. म्युनिकहून निरीक्षक गेओर्ग राइनग्रुबर आपल्या माणसांसह पोहोचेपर्यंत गावकऱ्यांची ये-जा होऊन गेली होती, प्रेते हलवली गेली होती आणि बऱ्याच खुणा पुसल्या गेल्या होत्या. शवविच्छेदन न्यायालयीन वैद्य योहान बाप्टिस्ट आउम्युलर यांनी त्या वस्तीवरच केले. धाकटी चेत्सिलिया मार लागल्यानंतर काही तास जिवंत होती, हे त्यातूनच कळले. कवट्या तपासणीसाठी म्युनिकला पाठवण्यात आल्या आणि त्या कधीच परत आल्या नाहीत. वाइडहोफेनच्या दफनभूमीत सहाही जण कवट्यांविना पुरले गेले आहेत. तेथे थांबल्यावर मार्गदर्शकांनी आपल्या मुलाला थडग्यासमोर हसरी छायाचित्रे न काढण्याची विनंती केली, याचाही आपण नाराजीने उल्लेख केला आहे. ती विनंती आम्ही सर्वांनाच करतो आणि यापुढेही करू.

खुन्याचे नाव आम्ही सांगत नाही, कारण ते कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. माहिती देणाऱ्यास १ लाख मार्कांचे बक्षीस जाहीर झाले होते (पुढच्याच वर्षीच्या महागाईत त्या रकमेला काही किंमत उरली नाही), शंभराहून अधिक लोकांची चौकशी झाली, पण खटला कुणावरही उभा राहिला नाही. व्हिक्टोरियाचे पती कार्ल गाब्रिएल १९१४ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या आघाडीवर, आरासजवळ मारले गेल्याची नोंद होती. मात्र प्रेत मिळाले नव्हते, म्हणून ते जिवंत परतले असतील अशीही आवई उठली. २००७ साली फ्युर्स्टनफेल्डब्रुक येथील पोलीस प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण प्रकरण नव्या पद्धतीने अभ्यासले. खात्रीने उलगडा करणे आता शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता; संशय एका व्यक्तीकडे जातो असे त्यांचे मत झाले, तरी हयात नातेवाइकांचा मान राखून त्यांनी नाव जाहीर केले नाही. ज्यांच्या हाती कागदपत्रे होती त्यांनी हा संयम पाळला असताना, तिकीट काढून आलेल्या पाहुण्यांच्या समाधानासाठी आम्ही कुणाच्या आजोबा-पणजोबांना खुनी ठरवणे मला योग्य वाटत नाही. त्या परिसरात ही घराणी आजही आहेत, आणि आमची बस त्यांच्या दारांवरून जाते.

घरातल्या प्रकरणाबद्दलही तसेच. १९१५ साली आंद्रेआस आणि व्हिक्टोरिया या बाप-लेकीला अनैतिक संबंधांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि पुढे योझेफच्या पितृत्वावरून वाद झाला, हे आमचे मार्गदर्शक सांगतात, कारण संशयाची सुई कुठे कुठे वळली ते त्याशिवाय समजत नाही. त्यापलीकडे रंगवून सांगण्यासारखे त्यात काही नाही. बापाच्या धाकात वाढलेल्या मुलीच्या वाट्याला काय आले असेल, याचा विचार केला तर ‘भानगड’ हा शब्द मला तरी लिहवत नाही. शिवाय त्या दिवशी गटात शाळकरी मुले होती.

शेतात उतरण्याविषयी मात्र तडजोड होणार नाही. ती खासगी आणि लागवडीखालची जमीन आहे. स्मृतिस्तंभापर्यंतची वाट मोकळी आहे, पिकातून जाणे मोकळे नाही, आणि आपल्याकडे कुणी परका उभ्या ज्वारीतून छायाचित्रे काढत हिंडला तर आपण काय म्हणू, हे मी सांगायला नको. ड्रोनबाबतही परवानगी नसताना दुसऱ्याच्या जमिनीवर तो उडवू देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. तशी सूचना नोंदणीनंतरच्या पत्रात दिलेली असते.

आपण शुल्काची पूर्ण परतफेड मागितली आहे. जाहीर केलेला प्रत्येक थांबा, म्हणजे वस्तीची जागा, ग्रोबर्न, वाइडहोफेनची दफनभूमी आणि परतताना श्रोबेनहाउझेनमधले जेवण, आपल्याला मिळाला असल्याने ही मागणी मान्य करता येत नाही. आपल्या अभिप्रायातली एक सूचना मात्र उपयोगी आहे आणि आम्ही ती अमलात आणत आहोत: घराचा नकाशा यापुढे फक्त मार्गदर्शकांच्या हाती न राहता प्रत्येक पाहुण्याला मोठ्या आकारात, मराठी खुणांसह छापून दिला जाईल, म्हणजे स्तंभाजवळ उभे राहून कोठार कुठे आणि स्वयंपाकघर कुठे हे ज्याचे त्याला ताडून पाहता येईल. आपल्या नावाने एक प्रत टपालाने पाठवत आहोत. ती पाहून तपासाविषयी काही विचारावेसे वाटले तर अवश्य लिहा; मी स्वतः उत्तर देईन.

आपला नम्र,
सहल संचालक, म्युनिक