ताबा-पत्रावर सही केली म्हणून बिल्डर सुटत नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ताबा-पत्रावर 'घर पाहिले, समाधान झाले' अशी सही केली की बिल्डर सुटला. रिसेलमध्ये 'आहे त्या स्थितीत' एवढं लिहिलं की विकणारा सुटला. आणि भाड्याचं घर 'बघूनच घेतलंत ना?' म्हटलं की मालकही सुटला. तिन्ही व्यवहारांना कायदे वेगळे; मेसेजवाल्याने एकाच सुरीने सगळं कापलंय.

बिल्डरबद्दलचं विधान साफ चूक. रेरा, म्हणजे बिल्डर आणि घर-प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा 2016, कलम 14(3): ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने 30 दिवसांत, एक पैसाही न घेता तो दूर करायचा. नाही केला, तर भरपाई द्यायची. ही 5 वर्षं मोजायची ताब्याच्या तारखेपासून. म्हणजे ज्या कागदाची भीती घातली जातेय, तोच कागद तुमच्या कामाचा. जपून ठेवा.

हक्क घालवण्याचा खरा रस्ता वेगळाच आहे आणि मेसेजमध्ये त्याचा पत्ताच नाही. बिल्डरांच्या अनेक करारांत अट असते: बाथरूम, संडास, स्वयंपाकघर किंवा पाइपांत बिल्डरच्या लेखी परवानगीविना असा बदल केला की ज्यातून पाणी झिरपू शकेल, तर दोष-निवारणाची जबाबदारीच रद्द. चावी हातात पडताच लोक कोऱ्या टाइल्स उखडून मनासारख्या बसवतात. तोडताना खालचं वॉटरप्रूफिंग फुटतं, खालच्यांच्या छताला ओल येते आणि बिल्डर शांतपणे ती अट पुढे करतो. हौस करा, पण आधी परवानगी घ्या. लेखी.

रिसेलबाबत मेसेज अर्धा खरा आहे. मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 55 प्रमाणे, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष त्याने सांगायलाच हवा. करारात याहून वेगळं ठरवता येतं, हे कबूल. समोर दिसणाऱ्या तड्यावरून नंतर भांडण्यातही अर्थ नाही. पण गळणाऱ्या भिंतीला गिऱ्हाईक यायच्या आधी पुट्टी मारून रंग द्यायचा, वर कपाट सरकवायचं, हा प्रकार 'आहे त्या स्थितीत'मध्ये बसत नाही. जाणूनबुजून लपवणं ही करार कायदा 1872, कलम 17 नुसार फसवणूक. त्याला ठाऊक होतं हे सिद्ध कसं करायचं? बहुतेकदा सोसायटीच्या फायलीत त्याच सदनिकेच्या गळतीचा जुना पत्रव्यवहार असतो. खरं तर तो टोकन देण्याआधीच बघायला हवा.

भाड्याच्या घरात आधी कागद पाहा. आपल्याकडे बहुतेक घरं लीव्ह अँड लायसन्सवर (भाडेकरूचे हक्क न देता, ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी) जातात आणि त्याला सुविधाधिकार कायदा 1882 लागतो. कलम 57 नुसार, राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोका होईल असा, मालकाला माहीत असलेला आणि राहणाऱ्याला माहीत नसलेला दोष मालकाने सांगायचाच. खिळखिळा सज्जा, शॉक देणारं वायरिंग यात सरळ येतं.

'दुरुस्ती करा आणि भाड्यातून कापा' हा सल्लाही त्याच मेसेजच्या शेपटीला जोडलेला असतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 14 मध्ये तशी सोय आहे, पण किमान 15 दिवसांची नोटीस देऊन आणि वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. शिवाय ती भाडेकरूसाठी. लीव्ह अँड लायसन्सवाल्याला पैसे कापायचे असतील, तर तशी ओळ करारातच घालून घ्यावी लागते.