स्टोन किती एमएमचा?

ठाण्यातल्या एका युरोलॉजिस्टच्या वेटिंगमध्ये शेजारच्या काकांनी विचारलं, "स्टोन किती एमएमचा?" मी ठोकून दिलं, "सात." मला स्टोन नव्हताच. वयाच्या ५४व्या वर्षी लिंगाला बाक आला होता, आणि ते सांगण्यापेक्षा खोटा मुतखडा परवडला.

त्याआधीचे आठ महिने असेच थापा मारण्यात गेले. ताठरता आली की दुखायचं, वरच्या बाजूला कातडीखाली काहीतरी टणक लागायचं. मनात कॅन्सर, तोंडी "दमलोय गं". शेवटी लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'गुप्तरोग'वाल्या कागदावरचा नंबर फिरवला. (हो, इंजिनियर माणूस. हसा.) तिथे माझ्या 'तरुणपणीच्या चुका' निघाल्या आणि अठरा हजारांचं तेल मिळालं. जोरात चोळायचं म्हणे! आधीच दुखावलेल्या जागेवर!

युरोलॉजिस्टनी आधी माझे तळहात बघितले, मग शुगर विचारली. काही जणांत हाच प्रकार हातातही होतो, बोटं आत वळतात. मधुमेह्यांमध्येही हे जास्त आढळतं. नाव पेरोनीज डिसीज. फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या शल्यविशारदाने १७४३ साली याचं वर्णन केलं, त्याच्यावरून. कॅन्सर नव्हे. आतल्या जाड आवरणाला बारीक इजा होते आणि भरून येताना तिथे कडक व्रण धरतो. कापडाला एका जागी घट्ट रफू केलं की ते तिथे ताणलं जात नाही, तसं.

माझा राग इथे आहे. पहिलं वर्षभर हा आजार बदलत असतो, दुखणं असतं. डॉक्टरांनी बघायला हवं ते तेव्हाच, आणि आपण नेमके तेव्हाच लपतो. ऑपरेशनचा विचार बाक स्थिरावल्यावर. त्याआधीच्या उपायांचा बाजार मात्र जोरात आहे. व्हिटॅमिन ई वर्षानुवर्षं लिहून देतात, उपयोगाचा पुरावा नाही. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी, दुखणं कमी होऊ शकतं, बाक जात नाही. पॅकेज विकणारा हे सांगत नाही. व्रण विरघळवणाऱ्या कोलॅजिनेज इंजेक्शनला अमेरिकेत २०१३मध्ये मंजुरी मिळाली, बाक ३० अंश किंवा जास्त असेल तर. त्याच्या चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्के कमी झाला, तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनने १८ टक्के! तेव्हा 'शंभर टक्के सरळ' म्हणणाऱ्याला नमस्कार करून जिना उतरा. मला दिलंय ते ताण देणारं उपकरण, रोज, महिनोन् महिने. कंटाळवाणं आहे, पण करतोय.

डॉक्टर म्हणाले, घरी फोटो काढून आणा, कोन मोजायचाय. आधी फोनचं बॅकअप बंद केलं; फोटो मुलाच्या लॅपटॉपवरही उघडतात. मग वाटलं, आपणही मोजून बघावं. माळ्यावरून लेकीची जुनी कंपासपेटी काढली. कोनमापक हातात घेऊन बसलेलो, तेवढ्यात बायको आत आली. आता काय थाप मारणार? सगळं सांगितलं.

ती पलंगाच्या कडेला बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मला आठ महिने वाटत होतं, तुमचं बाहेर काहीतरी चालू आहे."