बार्शीचं पत्र व्हाया अमेरिका

पाचची तिकिटं संपलीत, सोमवारी या, असं पोस्टाच्या खिडकीतून उत्तर आलं. बार्शीच्या आत्याला घरपट्टीची पावती पाठवायची होती. पाकिटात पंचवीसची तिकिटं पडून होती, लेक अमेरिकेत होती तेव्हा घेतलेली. म्हटलं, जाऊ देत वीस रुपये. कोपऱ्यातल्या गोंदाच्या बाटलीत ब्रश नव्हता, झाडूची काडी होती. तिनं तिकीट चिकटवायला लागलो.

"काय करायलाव मालक? हे फॉरीनचं तिकीट हाय की."

मागे एक गृहस्थ. हातात पासबुक, तोंडात शेंगदाणे.

"भारताचंच आहे, काका. भारत लिहिलंय बघा."

"लिहिलंय ओ, पण रेट फॉरीनचा. पंचवीस दिसलं की डायरेक्ट मुंबई. तिथनं विमान."

"पत्ता बार्शीचा आहे."

"पत्ता कोण बघतंय? आमच्या मेव्हण्याची राखी अशीच गेली."

"कुठं गेली?"

"अजून जायलीच हाय."

मी समजावलं, आपल्याकडे परदेशाचं म्हणून वेगळं तिकीटच नसतं. आकडा असतो, तेवढी किंमत. अमेरिकेत वेगळं काढतात, 2013पासून, चक्क गोल. पण तेही देशातल्या पत्राला चालतं.

"गोल तिकीट असतंय व्हय?"

"आशियातलं पहिलं तिकीटच गोल होतं. 1852, सिंध प्रांत."

"मग? गेलं ना सिंध पाकिस्तानात!"

रांग हसली. पासबुकवाल्या एक ताई म्हणाल्या, "दादा, वरचे वीस वापस मागा की." त्यावर खिडकीतल्या साहेबांनी चष्मा वर केला, पाकीट मागवून घेतलं, उलटंपालटं केलं, उजेडात धरलं. "एवढं कशाला लावलंय? आत काय आहे?"

आत काय असणार? घरपट्टी! कमी तिकीट लावलं तर कमी पडलेल्याच्या दुप्पट आत्याकडून वसूल करतात, तेव्हा कुणी चष्मा वर करत नाही. जास्त लावलं की मी स्मगलर. आणि सोमवारी पाचची तिकिटं येतील कशावरून? पोस्टात तिकीट नाही, हे कुणालाच खटकत नाही. खटकतो तो तिकीट लावणारा.

शेवटी ठप्पा बसला. तोही अर्धा तिकिटावर, अर्धा आत्याच्या आडनावावर.

बाहेर पडताना काकांनी गाठलंच. "उरल्यात का अजून? पोरगं जर्मनीला हाय माझं. वीसला देताव?"

नाही दिली. पंचवीसचा माल वीसला का म्हणून द्यायचा?