माले न पाहण्याच्या काही खात्रीशीर युक्त्या

मालदीवला निघालात ना? छान केलंत. व्हिसाची कटकट नाही, मुंबईहून थेट विमान आहे, आणि तिथे गेल्यावर काय करायचं ते इन्स्टाग्रामने आधीच पाठ करून घेतलंय. पाण्यात खांब रोवून उभी केलेली झोपडी, तिला काचेची जमीन, आणि पोहायच्या तलावात तरंगत येणारा नाश्ता. धोका एकच आहे. या देशाला राजधानी आहे. नाव माले, क्षेत्रफळ दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि तिथे माणसं राहतात. लाखाच्या बरीच वर. ती दृष्टीस पडली तर सुट्टीचा विचका होतो, म्हणून थोडी पूर्वतयारी सांगून ठेवतो.

विमान उतरताना खिडकीबाहेर बघू नका. निळ्याशार पाण्याच्या मधोमध इमारतींचा एक ठोकळा दिसतो, अगदी काठापर्यंत काँक्रीट. पडदा ओढू म्हणाल तर तो उतरताना उघडा ठेवायला लावतात. तेव्हा मान खाली घालून मोबाइलमधले मालदीवचे फोटो बघत बसा.

बाकी सगळी व्यवस्था तुमच्या बाजूची आहे. विमानतळ मुळात मालेत नाहीच, शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. दाराबाहेर पडलात की धक्का आणि धक्क्याला स्पीडबोटी. १९७२ साली कुरुंबा हे पहिलं रिसॉर्ट निघालं. पुढे एका बेटावर एकच रिसॉर्ट असा शिरस्ता पडला. पाहुणा विमानातून बोटीत, बोटीतून झोपडीत, आणि आला तसाच परत. ऑगस्ट २०१८ पर्यंत तर मालेला जायलाही बोटच लागायची. मग चीनने पूल बांधला आणि राजधानी टॅक्सीच्या टप्प्यात आली. प्रगतीचे असे तोटे असतातच.

एवढं करूनही काही दुर्दैवी जीव अडकतात. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. तुमचं विमान संध्याकाळी टेकलं आणि रिसॉर्ट लांबचं असलं, तर रात्र मालेत नाहीतर शेजारच्या हुलहुमालेत काढावी लागते. अशांनी आल्याबरोबर गर्दीबद्दल तक्रार सुरू करावी. मोठ्याने करावी, मराठीत करावी, आणि आपण रोज सकाळी दादरला लोकलमध्ये चढत असू तर जास्तच पोटतिडकीने करावी.

मजीदी मगू या मुख्य रस्त्यावर तक्रारीला भरपूर साहित्य मिळतं. या टोकाहून त्या टोकाला माणूस चालत अर्ध्या तासात पोहोचेल, पण चालतोय कोण! जिकडेतिकडे स्कूटर. गल्लीत त्या हँडलला हँडल भिडवून उभ्या असतात. मधली काढायची तर मालक आधी शेजारणीचं मागचं चाक दोन्ही हातांनी उचलतो, वीतभर सरकवतो, आपली ओढून बाहेर काढतो, आणि शेजारीण पुन्हा होती तशी लावून निघून जातो. हॉर्न नाही, आईबहीण नाही. हे बघत उभे राहू नका. फुटपाथ हातभर रुंद असतो आणि एव्हाना तुमच्या मागे चारजण थांबलेले असतात.

मग एखाद्या स्थानिकाला गाठून विचारा, ‘बाराशेच्या आसपास बेटं आहेत ना तुमच्याकडे? मग सगळे इथेच कशाला कोंबून राहता?’ वस्ती दोनशेहून कमी बेटांवर आहे, मोठं रुग्णालय इथे, कॉलेज इथे, सरकारी कचेऱ्या इथे, म्हणून पाच लाखांच्या देशातली चाळीस टक्क्यांच्या आसपास माणसं माले आणि तिच्या लगतच्या बेटांवर येऊन राहिलीत, असं तो सांगू लागेल. गाव सोडून शहरात का यावं लागतं आणि दोन खोल्यांच्या भाड्यात पगार कसा जातो, हे मुंबई-पुण्याच्या माणसाला समजणं अवघडच. तुम्ही ‘बीच कुठाय?’ एवढंच विचारा.

बीच आहे. पूर्वेला भर घालून केलेला एक आणि पश्चिमेला रसफन्नू. तिथे बायका अंगभर कपड्यांत पोहतात, आणि तुम्हीही अंग झाकावं अशी अपेक्षा असते, कारण लोकवस्तीच्या बेटांवर, खास राखून दिलेले किनारे सोडले तर, बिकिनीला मनाई आहे. यावर संतापायला हरकत नाही, फक्त परंपरा लक्षात असू द्या. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी इथे येऊन काझी होऊन बसला, तेव्हा त्याची तक्रार बरोबर उलटी होती. इथल्या बायका कमरेच्या वर काही घालत नाहीत म्हणून त्याने हुकूम काढले, आणि आपलं कोणी ऐकलं नाही हे स्वतःच लिहून ठेवलं. बायकांच्या कपड्यांवरून पाहुण्याने नाराज व्हायचं, हा रिवाज तेव्हापासूनचा. तुम्ही तो फक्त पुढे चालवायचा.

दारूचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले फसतात. ड्यूटी फ्रीची बाटली पिशवीत सापडली की कस्टमवाले ती ठेवून घेतात, पावती देतात, आणि परत जाताना बाटली हातात देतात. पूजेच्या मूर्तीही आणता येत नाहीत, तेव्हा प्रवासाचा छोटा गणपती घरीच राहू द्या. मालेत दारूचा थेंब मिळत नाही. पण अर्ध्या तासाच्या बोटीवरच्या रिसॉर्टात सकाळी अकरालाही मिळते, कारण सरकारी हिशेबात रिसॉर्टचं बेट निर्जन. बघा तर! बाराही महिने पाहुणे, शेकडो नोकर, आचारी, माळी, मसाज करणाऱ्या मुली, आणि कागदावर तिथे कोणीच राहत नाही. जिथे लोक राहतात तिथे नियम, जिथे पैसे राहतात तिथे सूट. अशी सोपी वाटणी दुसरीकडे बघायला मिळणं कठीण.

खाण्याची चिंता नको. ठेपले, मेतकूट आणि कपात पाणी ओतून होणारा उपमा तुम्ही नेणार आहातच. तरी चुकून एखाद्या चहाच्या हॉटेलात शिरलात, तर न मागताच टेबलावर बशा येतात. तळलेले गोळे, चपटे वडे, भरलेल्या पोळ्या. खाल्लं तेवढंच मोजून बिल. ‘व्हेज कुठलं?’ असं विचारू नका, बहुतेक सगळ्याच्या आत ट्यूना असतो. सकाळी मसहुनी मिळते. ट्यूना, खवलेलं खोबरं, बारीक कांदा, मिरची, वर लिंबू, सगळं हाताने चुरून रोशीबरोबर, म्हणजे तिथल्या पोळीबरोबर. मालवणकडचे कोणी बरोबर असतील तर त्यांना आत नेऊ नका, ते तिथेच बसतील आणि तुमची बोट चुकेल. उत्तरेच्या धक्क्याजवळच्या मासळीबाजाराचंही तेच. फरशीवर मांडलेल्या ट्यूनांतला एक उचलायचा आणि कापणाऱ्याकडे द्यायचा. तो बोलता बोलता चार फाका पाडतो, काटा एका बाजूला, डोकं एका बाजूला. वासाने नाकाला रुमाल लावा आणि फोटो काढा. दोन्ही हात गुंतले की खरेदीचा प्रश्न येत नाही.

शहरात फिरावंच लागलं तर एक खेळ खेळा. समोर दिसतंय ते कोणी दिलं, ते ओळखायचं. पूल आणि राष्ट्रीय संग्रहालयाची इमारत चीनची. सहामजली नवी मशीद सौदी मदतीची. मोठ्या रुग्णालयाला नाव इंदिरा गांधींचं, कारण ते भारताने बांधून दिलं. १९८७ च्या लाटांनी शहर धुऊन काढल्यावर समुद्राची भिंत जपानच्या पैशाने उभी राहिली. मरीन ड्राइव्हवर ज्यांच्या आडोशाला प्रेमं जमतात त्याच चार पायांच्या टेट्रापॉडची. २००४ च्या त्सुनामीत त्या भिंतीने शहराची बरीच पडझड टाळली. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरच्या आत आहे म्हटल्यावर, भिंत कोणी दिली यापेक्षा ती आहे ना हे महत्त्वाचं, असं स्थानिकांना वाटतं. तुम्ही तसं वाटून घेऊ नका.

उलट कोणी ‘इंडियन?’ म्हणून विचारलं की लगेच १९८८ काढा. त्या नोव्हेंबरात श्रीलंकेतल्या तमिळ भाडोत्री बंदूकधाऱ्यांनी माले ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, आपले छत्रीधारी सैनिक आग्र्याहून उडाले, हुलहुलेला उतरले आणि बोटींतून मालेत शिरले. गोष्ट खरी आहे, ऐकणाऱ्याला ती शाळेपासून माहीत आहे, तरी सविस्तर सांगा. मग २०१४ कडे वळा. डिसेंबरात खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि अख्ख्या शहराचे नळ कोरडे पडले. जमिनीखालचं पाणी पिण्याजोगं उरलेलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! तेव्हा भारताने विमानं आणि जहाज भरून पाणी धाडलं. हेही खरंच आहे. सांगताना ‘आम्ही’ म्हणा, जणू बाटल्या तुम्हीच भरल्या होत्या. २०२४ च्या जानेवारीत ‘आम्हीच’ तिकिटं रद्द करून बहिष्कार घातला होता आणि जुलै २०२५ मध्ये आपले पंतप्रधान तिथल्या स्वातंत्र्यदिनाचे प्रमुख पाहुणे होते, या दोन गोष्टी मात्र एकाच बैठकीत काढू नका. ऐकणारा तारखा जुळवायला लागतो.

इतिहासात फार शिरू नका. हुकुरु मिस्की ही १६५८ ची मशीद प्रवाळाच्या दगडाची आहे, चुना न वापरता एकात एक बसवलेले आणि वर बारीक कोरीव काम केलेले दगड. जुन्या देवळाच्या पायावर बांधली म्हणतात, म्हणून तिचं तोंड मक्केकडे नाही आणि आत नमाज तिरप्या ओळींत होते. मुसलमान नसलेल्यांना आत जायला परवानगी लागते. तेवढं कारण पुरे, बाहेरूनच निघा. संग्रहालयातली बौद्धकालीन शिल्पं बघायची असतील तर तुम्हाला उशीर झालाय. फेब्रुवारी २०१२ मध्ये जमावाने आत घुसून बरीचशी फोडली.

आणि रिसॉर्टात पोहोचल्यावर शहाळ्याची स्ट्रॉ, शाम्पूच्या इवल्या बाटल्या, तरंगत्या नाश्त्यातली अर्धी उरलेली फळं पुढे कुठे जातात, असा प्रश्न पडलाच तर दाबून टाका. मालेच्या पश्चिमेला थिलाफुशी आहे. पूर्वी तिथे उथळ पाणी होतं, १९९२ च्या सुमारास त्यात कचरा टाकायला सुरुवात झाली आणि हळूहळू एक नवीन बेटच तयार झालं. तुमच्या पॅकेजमध्ये ते नाही. एजंटला त्याबद्दल विचारूही नका, ‘आयलंड हॉपिंग, जादा आकार’ म्हणून बिलात लावून मोकळा होईल.