पुस्तक मिळालं, पण वाचता येईना

विद्यापीठाच्या ग्रंथालयात देवघेव काउंटरवर बसून मला एकोणीस वर्षं झाली. आज जरा मोठं लिहितेय, वेळ काढून वाचा. विद्यापीठाचं नाव घालत नाही.

गेल्या वर्षी जुलैत एम.ए. मराठीच्या पहिल्या वर्षाचा एक मुलगा काउंटरवर आला. सॅक प्रॉपर्टी काउंटरवर ठेवून घेतलेली, एका हातात पांढरी काठी, दुसऱ्यात फोन. त्याला ग्रामीण साहित्यावरचं एक समीक्षेचं पुस्तक हवं होतं. मामांनी पाच मिनिटांत ते रॅकवरून काढून आणलं. मी बारकोड स्कॅन केला, तारखेचा शिक्का मारला, पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने पहिल्या पानावरून सावकाश बोटं फिरवली आणि विचारलं, "मॅडम, याची फाईल मिळेल का?"

एकोणीस वर्षांत माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. पुस्तक दिलं की माझं काम झालं, असंच मी धरून चालले होते.

आमच्याकडे दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी वेगळी खोली आहे. रॅम्प आहे, लिफ्ट आहे, ब्रेल छापायचं यंत्र आहे. हे सगळं विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी नॅकची टीम आली की दाखवता येतं, त्याचे फोटो निघतात, अहवालात जातं. मी त्याला कमी लेखत नाही. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलीला एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, तो कुणीतरी बांधलाय म्हणूनच ती आत येते. पण आत आल्यावर समोर जे अक्षर येतं त्याचं काय, हे कुणी मोजत नाही.

आम्ही त्या मुलाला पुस्तक स्कॅन करून पीडीएफ दिली. दुसऱ्या दिवशी तो परत आला. "मॅडम, फाईल बोलत नाही." त्याचा फोन फाईलमधला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, तो त्याने माझ्या कानाला लावला. नुसती शांतता. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात वाचण्यासारखं अक्षर एकही नव्हतं. मग मी त्याला त्याच विषयावरचा एक प्रबंध दिला, तो टाइप केलेल्या फाईलमध्ये होता. माझ्या स्क्रीनवर "मराठी" हा शब्द अगदी स्वच्छ दिसत होता. त्याच्या फोनने एकेक अक्षर उच्चारलं: ई, जे, के, बी, एच.

मी तीन वेळा ऐकलं, तरी तेच.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आपण मराठी टाइप करतो तेव्हा संगणक आतमध्ये रोमन अक्षरंच साठवतो, वर फक्त देवनागरीचा मुखवटा असतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला मुखवटा दिसतो, कानांनी वाचणाऱ्याला आतलं रोमन ऐकू येतं. युनिकोडमध्ये "म" हा "म" म्हणूनच साठवला जातो. युनिकोड येऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून प्रबंध आणि छापखान्यांच्या फाईली जुन्या फॉन्टमध्येच तयार होताना दिसतात. २००९ पासून पीएच.डी.च्या प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं यूजीसीने बंधनकारक केलंय, ती 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात जाते. पण ती प्रत मराठी प्रबंधाच्या पानांचा फोटो असली, तर अंध विद्यार्थ्याच्या दृष्टीने ते दप्तर बंदच आहे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मीही स्टेटसला ठेवलं होतं. मनापासून आनंद झाला होता. आता वाटतं, त्या आनंदात हा मुलगा कुठे होता?

पैसे नाहीत, हे कारण मला पटत नाही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, ते दोन अंध तरुणांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलं. छापील पानावरची देवनागरी ओळखणारी ओसीआरची साधनंही फुकट मिळतात. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिबाधितांसाठीचं केंद्र २००३ पासून चालू आहे, म्हणजे हे करता येतं हे आपल्याच राज्यात दिसतंय. आणि कायदा? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव ठेवल्या. जागा दिली आणि वाचायला काही दिलं नाही, तर तो मुलगा वर्गात बसून करणार काय? राजीव रतुरी या दृष्टिबाधित याचिकाकर्त्याच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सगळं वापरता यावं यासाठीचे, किमान नियम सक्तीचे हवेत, सूचनावजा नकोत.

आमच्यातल्याच एका सहकाऱ्याने विचारलं, "पूर्ण पुस्तकाची फाईल करून द्यायची म्हणजे कॉपीराइटचा भंग नाही का?" शंका रास्त होती, मलाही धाकधूक होती. मी शोधलं. २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या कॉपीराइट कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी सुगम प्रत तयार करायची मुभा आहे, प्रकाशकाची परवानगी लागत नाही. २०१३ साली माराकेश इथे याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मंजुरी देणारा पहिला देश भारत होता. जगात पहिला! आणि आमच्या काउंटरवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही नाही.

तर आम्ही कामाला लागलो. पानं ओसीआरमधून काढली. ओसीआर "घ"चा "ध" करतं, "भ"चा "म" करतं, अनुस्वार गिळतं, रफार भलत्याच अक्षरावर ठेवतं. "घर" झालं "धर", "बंद" झालं "बद". हे कुणीतरी पानाशी ताडून दुरुस्त करायलाच लागतं. त्याच्याच वर्गातल्या चार मुली आणि एक मुलगा शनिवारी दुपारी त्या खोलीत बसायला लागले. एक जण मूळ पान वाचणार, एक जण फाईल सुधारणार. आणि तो फोनवर शेवटची प्रत ऐकणार. त्याच्या कानातून चूक सुटत नाही. "थांब, 'अर्थ' नाही आला, 'अथ' आला," असं तो मधेच म्हणतो आणि सगळे परत पान उलटतात.

तिसऱ्या-चौथ्या शनिवारी मी दारातून पाहिलं तर काम बाजूला राहिलं होतं आणि वाद चालू होता. लेखकाने बोलीबद्दल केलेलं विधान त्याला मान्य नव्हतं. त्याच्या गावाकडे तो शब्द तसा वापरतच नाहीत, असं तो ठासून सांगत होता, आणि एक मुलगी तितक्याच जोरात विरोध करत होती. जुलैत तो एकटा यायचा, एकटा जायचा. आता प्रॉपर्टी काउंटरवर त्याची सॅक त्या पाच जणांच्या सॅकांबरोबर असते.

आणखी एक गोष्ट याच मुलांमुळे लक्षात आली. आमच्या संगणकीय सूचीत बरीचशी मराठी पुस्तकं रोमन लिपीत नोंदलेली आहेत, आणि स्पेलिंग ज्याने नोंद केली त्याच्या मर्जीप्रमाणे. मराठी माध्यमातून आलेला, घरातला पहिलाच पदवीधर असलेला मुलगा देवनागरीत नाव टाइप करतो आणि "एकही नोंद नाही" असं उत्तर येतं. तो पुन्हा विचारत नाही, मुकाट परत जातो. पुस्तक तिसऱ्या रॅकवर असतं. अशी किती मुलं माझ्या समोरून परत गेली असतील, या विचाराने मला खरंच वाईट वाटतं. दुरुस्ती सुरू केलीय, रोज दहा-बारा नोंदी होतात.

माझं मागणं मोठं नाही. प्रबंध देणाऱ्यांनो, मार्गदर्शकांनो, युनिकोडमधली मूळ फाईल ग्रंथालयाला द्या, नुसता स्कॅन नको. विद्यापीठांनी ती मागायला सुरुवात करावी, त्याशिवाय प्रबंध स्वीकारूच नये असं माझं मत आहे. प्रकाशकांनो, एखाद्या ग्रंथपालाने अंध वाचकासाठी फाईल मागितली तर देऊन टाका, आमचे पंधरा शनिवार वाचतात. आणि ग्रंथालयातल्या माझ्या सहकाऱ्यांनो, एकदा तरी स्क्रीन बंद करून आपली एखादी फाईल कानांनी वाचून बघा.

त्या पुस्तकाची चार प्रकरणं झालीत. पाचवं उद्या दुपारी तीनला सुरू करतोय. त्यात तळटीपा फार आहेत, टाइप अगदी बारीक आहे. आमच्या विद्यापीठातलं कुणी हे वाचत असेल आणि नजर चांगली असेल, तर या.